मागून येणारा धक्का

कापसीच्या यार्डात सकाळचे नऊ, मे महिना,
पत्र्याला हात लावायची सोय नाही.
मुस्तकीम मिस्त्रीनं ठोकळे सरकवले, जॅक उतरवला,
आणि आमचा चौतीस वर्षांचा ट्रेलर
चाकांशिवाय उभा राहिला,
चप्पल काढून देवळात आल्यासारखा.

"कोनं बनवला होता, ताई?"
"बाबांनी."
"हौ, दिसते ना," तो म्हणाला.
तारीफ होती की तक्रार, विचारलं नाही.

भंगारातल्या जीपचा अ‍ॅक्सल. इतवारीतून उधारीवर आणलेलं चॅनल.
एका बाजूच्या कमानीला सात पाटे, दुसरीला सहाच,
सातवा मिळाला नाही म्हणून.
त्यामुळं जन्मापासून तो जरा डावीकडे कलून चालायचा
आणि मागचे ट्रकवाले हॉर्न मारून सांगायचे,
ज्याला बाबा हात हलवून "राम राम" करायचे.
सक्करदरा, पारडी, थेट मौद्यापर्यंतची लग्नं.
लाइन गेली की याच्या पाठीवरचा जनरेटर
दोनदा खोकायचा,
आणि नवरदेव परत दिसू लागायचा.

ब्रेक?
ब्रेक नव्हताच.
"समोर जीप आहे ना, तिला आहे तं ब्रेक."
बाबांचं घरातलं धोरणही हेच होतं.
जीप म्हणजे आई.

मग फेब्रुवारीत, रामटेकच्या उतारावर,
समोर शेळ्या आल्या, मी पाय दाबला,
जीप थांबली.
साडेआठशे किलो लोखंड मागून म्हणालं, चल.
सीताफळाच्या झाडानं आम्हाला धरलं.
शेळ्यांनी पडलेली पानं खाल्ली.
मला कुठं लागलं नाही,
फक्त स्टिअरिंगवरची बोटं
डोमानं एकेक करून सोडवली.

मिस्त्रीनं हब उघडला. ग्रीस डांबरासारखं.
बेअरिंगच्या गोळ्या किडक्या दातांसारख्या.
आणि ऑइल सीलच्या जागी
वळून वळून बसवलेली सुतळी.
तो हसला. मग बोटानं ती उचकटून पाहिली
आणि हसायचा थांबला.
"इतकी वर्सं टिकली, बाप्पा."

तीन दिवस काम चाललं.
नवा अ‍ॅक्सल, दोन्हीकडे मोजून तेवढेच पाटे,
खाली शॉक अ‍ॅब्सॉर्बर, रुंद ट्यूबलेस टायर,
ड्रममध्ये ब्रेकचे शू, कोरे, खडूच्या वासाचे.
आणि जोडणीच्या दांड्यावर एक सरकता तुकडा:
ट्रेलरनं पुढच्याला ढकललं की तो आत सरकतो,
वायर ओढली जाते,
आणि ट्रेलरची चाकं आवळतात.
"म्हंजे याचाच धक्का याला थांबवते," मिस्त्री म्हणाला,
नट घट्ट करत, फार मोठं काही न सांगितल्यासारखा.
बिल पाहून मी दोन सोन्याच्या पाटल्या आठवल्या
ज्या आता नव्हत्याच.

भंडारा रोडवर दुपारी कोणी नसतं.
चाळीसवर नेली. पाय दाबला.
पाठीला धक्का बसला नाही.
मी घाबरून आरशात पाहिलं,
सुटला की काय मागून?
होता. सरळ. एका रेषेत.
पाठ मात्र घरी येईपर्यंत ताठच राहिली,
तिला कोणी कळवलं नव्हतं.

बाबा कूलरसमोर बसले होते, बनियनवर.
"सहा पाट्याची बाजू कोनती ठेवली?"
"दोन्ही सारख्या केल्या, बाबा."
कूलरची खस टपटपत राहिली.
"मंग सरळ चालत असन तो."
"हौ."
"सरळ," ते म्हणाले,
एखाद्या पोराला परगावी नोकरी लागल्यासारखं.

मी पर्समधून सुतळी काढून त्यांच्या हातात दिली.
त्यांनी चष्मा न शोधताच ती हुंगली,
अंगठ्यानं पीळ चाचपला.
"हे तुह्या आईनं वळली होती," म्हणाले,
"माह्यानं सैल पडे."